डाव्या हाताची फुलं

शाहपुर
22 सप्टेंबर 2024

नीलेश,

वर ‘चिरंजीव’ लिहायला घेतलं होतं, पेन तिथंच अडकलं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू तिसरीत होतास. सासूबाई आधीच गेलेल्या. तुझं दप्तर, तुझा डबा, तुझा ताप, सगळं मी बघितलं. आणि तूच माझ्या नवऱ्याचा उजवा हात मनगटापासून तोडलास.

जेलात तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. पिशवीत बर्फ घालून तो हात आम्ही इंदूरपर्यंत नेला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. हात तिथंच राहिला. आता यांच्या पायजम्याची नाडी मी बांधते, भाकरी मी कुस्करून देते. जो हात नाही त्याची बोटं जळतात म्हणून हे ओरडतात, आणि मी बँडेजवर फुंकर घालत बसते. दुसरं काय करू?

तुला चिठ्ठी लिहायची नव्हती. पण एक अडचण आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की डाव्या हाताला रोज बारीक काम द्या, नाहीतर तो कधी शिकणार नाही. मी अंगणवाडीतले मणी ओवायला दिले, यांनी ताटच भिंतीवर फेकलं. म्हणाले, “शेतकऱ्याला पोरींचा खेळ देते काय?” मातीतलं काही असेल तर हे करतील. तू बऱ्हाणपूरला नर्सरीत दोन वर्षं रोपं केलीस. काही सुचत असेल तर लिही. तू सांगितलंस हे मी घरात बोलणार नाही. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव.

कोर्टात साक्षीसाठी माझी पेशी थंडी संपता संपता लागेल असं सरकारी वकील म्हणाले. पोलीस थान्यात दिलं तेच बयान मी तिथं देणार आहे.

सुलभा


जेलमधून
3 ऑक्टोबर 2024

वहिनी,

तुझं अक्षर बघून आधी चिठ्ठी उघडलीच नाही. जेवणानंतर उघडली. (उघडली म्हणजे काय, इथं आधी साहेब वाचतात, मग आपल्याला देतात.)

दादाला लोबेलिया लावायला सांग. इथं मला बगीच्याचं काम दिलंय आणि सव्वीस जानेवारीला गेटजवळ लावायला आम्ही तेच करतोय. निळी बारीक फुलं येतात, कुंडीच्या काठावरून खाली सांडतात. एका हंगामाचं झाड आहे. आता पेरलं तर जानेवारीत फुलेल, उन्हाळा लागला की संपेल.

याचं बी म्हणजे तपकिरी धूळ. शिंक आली तर पाकीट रिकामं. दादाला सांग, चिमूटभर बी कोरड्या बारीक रेतीत मिसळायचं आणि चाळलेल्या मातीवर बोटांनी भुरभुरायचं. वरून माती अजिबात घालायची नाही, याला उगवायला उजेड लागतो. तळहाताने हलकं दाबायचं. वरून पाणी कधी ओतू नको. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेव, माती खालून पिऊन घेते. वर प्लॅस्टिकची पातळ पन्नी टाक. दोन-तीन आठवड्यांत हिरवं शेवाळ धरल्यासारखं दिसेल, तीच रोपं. डाव्या हाताला याच्याहून बारीक काम मला माहीत नाही.

माझ्या वकिलाने तुझं बयान वाचून दाखवलं. ‘पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं भांडण झालं आणि नीलेशने मागून वार केला.’ वहिनी, त्या दुपारी दादाच्या हातात फावड्याचा दांडा होता आणि तू खाली पडलेली होतीस. जेवण उशिरा आणलं म्हणून. मी केळीचे घड उतरवत होतो, कोयता माझ्या हातात आधीपासून होता. दांडा तुझ्या डोक्यावर येत होता.

तू हे विसरली असशील असं मला वाटत नाही. पण तुला घरात राहायचंय, मला इथं. म्हणून मी वकिलाला काही बोललो नाही.

नीलेश


शाहपुर
12 नोव्हेंबर 2024

नीलेश,

त्या दुपारचं पुन्हा लिहू नको. तुमचे साहेब वाचतात, मला लाज वाटते.

आता चांगलं सांगते. बी बऱ्हाणपूरच्या दुकानात मिळालं. शाळेच्या बाईंनी सांगितलं असं मी घरी म्हटलं. पाकीट बघून हे हसलेच, “हे बी आहे की तपकीर?” पहिल्या दिवशी हात असा थरथरत होता की सगळं बी एका कोपऱ्यात सांडलं. मला वाटलं, आता ट्रे फेकतील. नाही फेकला. दुसरा भरला. ओठ दाताखाली धरून एक-एक चिमूट सोडत होते, शर्ट घामाने ओला झालेला.

रोज सकाळी उठून पन्नीखाली बघायचं. काही नाही, काही नाही. दिवाळीच्या आधी मला हाक मारली, “सुलभा, इकडे ये.” गेले तर मातीवर हिरवी साय धरलेली. हे म्हणाले, “माझ्या हाताने आलं.” नीलेश, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं.

आता स्वतः बटण लावतात. पेन धरतात. परवा माझ्या पायात काटा गेला तो डाव्या हाताने काढून दिला. आवाज चढवत नाहीत. शेजारच्या बाया म्हणतात, सुरेशभाऊ किती बदलले. माणूस बदलू शकतो, तू मानशील की नाही माहीत नाही. मला तर कधी कधी वाटतं, जे झालं त्याने घर मार्गी लागलं. असं वाटणं पाप आहे, पण वाटतं.

रोपं फार दाट झालीत. आता काय करायचं?

तुझी वहिनी


जेलमधून
24 नोव्हेंबर 2024

वहिनी,

शेवटी ‘तुझी वहिनी’ लिहिलंस, बरं वाटलं.

रोपं एकेकटी उपटायची नाहीत, मरतात. काडेपेटीच्या काडीने पाच-सहांचा झुपका मातीसकट उचलायचा आणि छोट्या पिशवीत ठेवायचा. बोटभर उंच झाली की शेंडे खुडायचे, मग फांद्या फुटतात. नखाने खुडायचे, ओढायचे नाहीत.

इथं परवा बराकीत मारामारी झाली. ताटावरून. एकाने दुसऱ्याचा कान चावून तोडला आणि थुंकला. नंतर दोघं शेजारी बसून एकच बीडी ओढत होते. ज्याचा कान गेला तोच म्हणत होता, “दिल का बुरा नहीं है ये.” मला तू आठवलीस.

राग येऊ दे. तुझी बरगडी मोडली त्या वर्षी दादाने बऱ्हाणपूरहून गरम मावा जिलेबी आणली होती. तुला उठता येत नव्हतं तर भरवली. तेव्हाही तू मला म्हणालीस, तुझा दादा बदलला. मी दहावीत होतो, मला खरं वाटलं. मी पण जिलेबी खाल्ली.

त्याचा दुसरा हात अजून चालत नव्हता म्हणून तो थांबला असेल. एवढंच मला म्हणायचंय. मी चूक असेन तर फार चांगलं.

नीलेश


शाहपुर
6 जानेवारी 2025

नीलेश,

उत्तराला उशीर झाला. अंगणवाडीत वजनं घ्यायची होती, मग थंडी-ताप.

झुपके सगळे लागले. शेंडे खुडून झाले. ओट्यावर पिशव्याच पिशव्या आहेत. पहिलं फूल आलं, निळं, मधे पांढरा ठिपका. हे आता डाव्या हाताने सगळं करतात. कुदळ मारतात, मोटरसायकलचा कसला तरी बदल करून घेतलाय, चालवतात. डॉक्टर म्हणाले, इतकी ताकद इतक्या लवकर कोणाला येत नाही.

उजव्या डोळ्याला दाराची कड लागली, सूज आहे, म्हणून अक्षर वाकडं आलंय. काळजीचं काही नाही.

पेशी फेब्रुवारीच्या शेवटी आहे. माझं बयान तेच राहील. तू वकिलाकरवी काही वेगळं सांगायला लावू नको, तुझ्या पाया पडते.

सुलभा


जेलमधून
15 जानेवारी 2025

वहिनी,

कोणत्या दाराची कड? आपल्या घराच्या दारांना मी ओळखतो.

तुला लागायचं ते नेहमी डावीकडे. डावा कान, डावा गाल, डावी बरगडी. समोर उभा राहून उजव्या हाताने मारणाऱ्याचा घाव डावीकडेच बसतो. इतकी वर्षं मी तुझी तीच बाजू सुजलेली बघितली. आता उजवा डोळा आहे आणि दार आहे?

मी त्याचा उजवा हात तोडला आणि इथं बसून त्याचा डावा तयार करून दिला. रेतीत मिसळ, चिमटीत धर, नखाने खुड. माझ्याच अक्षरात.

काल बगीच्यात तयार असलेले आमचे सगळे ट्रे मी पायाखाली तुडवले. मला एकट्याच्या कोठडीत टाकलंय, ही चिठ्ठी तिथूनच लिहितोय. साहेब वाचणार आहेत, वाचू देत. मी बाहेर येईन त्या दिवशी त्याचा दुसरा हात काढीन. यावेळी मनगटापासून नाही, खांद्यापासून.

तू निघून जा. मालूबाईकडे खकनारला जा. तुझी सख्खी मावशी आहे, एकटी राहते, ती तुला नाही म्हणणार नाही. पेशीची वाट बघू नको.

नीलेश


खकनार
2 मार्च 2025

नीलेश,

पत्ता बघून तुला कळलंच असेल. मावशी शाळेत खिचडी शिजवते, मी तिला भाज्या चिरून देते. अंगणवाडीची बदली मागितली आहे. आता सगळं लिहिते. साहेब वाचतील तर वाचोत, मला आता लाज नाही वाटत.

डिसेंबरात मी चुकून ट्रेवर मगाने पाणी ओतलं. घाईत होते. रोपं सगळी एका बाजूला लोळली. सुरेश मागे उभा होता. पहिला फटका कुठून आला तेच कळलं नाही, कारण मी त्या बाजूने कधी खाल्लाच नव्हता. मी पडले. तो स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला. नीलेश, तो खूश झाला होता. मूठ उघडून मिटून बघत होता. म्हणाला, “जमतंय की.”

त्यानंतर रोजच. सवय करत असल्यासारखा. फुलांनी ओटा निळा झाला होता, लोक थांबून बघायचे, “सुरेशभाऊ, कमाल केली” म्हणायचे, आणि मी आत तोंडात पदर धरून.

पेशीच्या आदल्या दिवशी त्याने मला हौदापाशी नेलं. म्हणाला, “बयान पाठ म्हण.” मी म्हटलं. “पुन्हा म्हण.” पाण्याच्या पाळीवरून, असं म्हणताना माझी जीभ अडली. त्याने माझी वेणी डाव्या मुठीला गुंडाळली आणि तोंड पाण्यात दाबलं. वर काढलं, “म्हण.” पुन्हा दाबलं. तो उजव्या कोपराने माझी मान दाबत होता आणि डाव्या हाताने केस. मला वाटलं, झालं. मग हात लांबवला तर हौदाच्या काठावरची कुंडी लागली, फुलांची, मातीची, जड. ती मी त्याच्या डोक्यात घातली. वेणी सुटली. तो उठायला लागला तेव्हा पुन्हा घातली. कुंडी फुटली. तो हौदाला टेकून बसला, कानावरून रक्त, आणि अंगावर ती निळी फुलं. मेला का ते बघायला मी थांबले नाही. ओल्या केसांनी बस स्टँडवर गेले.

मेला नव्हता. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून कोर्टात हजर.

जजसाहेबांसमोर मला उभं केलं. नवऱ्याचं नाव विचारलं. मी मोठ्याने म्हटलं, “सुरेश.” सरकारी वकील म्हणाले, “बताइए, उस दिन पानी को लेकर झगड़ा हुआ था?” मी म्हटलं, “नहीं साहब. मैंने थाने में झूठ लिखवाया था.” मग मी दांड्याचं सांगितलं. मी कुठं पडले, दांडा कुठवर आला, तू “दादा, सोड” म्हणून किती वेळा ओरडलास, ते सगळं. तुझ्या वकिलाने विचारलं, “देवर ने वार नहीं किया होता तो?” मी म्हटलं, “तो ये बोलने के लिए मैं नहीं होती.” तू पिंजऱ्यात मान खाली घालून होतास. एकदा तरी वर बघायचं.

तुला परत नेल्यानंतरचं तू बघितलं नाहीस. बाहेर व्हरांड्यात सुरेश माझ्या वाटेत आला. वकील होते, शिपाई होते, चहावाला होता. रिकामी बाही लोंबत होती. तो म्हणाला, “माझा हात विकलास?” आणि सगळ्यांच्या देखत मारलं. उजव्या गालावर. माझा दात पडला. तिघांनी मिळून त्याला धरलं तरी तो हात सुटत होता. जजसाहेबांच्या दाराशीच झालं ते. शिपायाने रिपोर्ट लिहिली, मी सही केली.

रडले नाही. दात रुमालात बांधून बस पकडली.

वहिनी


नेपानगर
9 एप्रिल 2025

वहिनी,

जमानत झाली. वकील म्हणतात, तुझ्या बयानानंतर केसमध्ये दम राहिला नाही, पण फैसला यायला वेळ लागेल. मी नेपानगरला एका ओळखीच्याकडे आहे, त्याच्या केळीच्या वखारीत घड उतरवतो.

त्या दिवशी मी वर बघितलं नाही कारण मला तुझा चेहरा बघवत नव्हता. सूज होती.

एक सांगायचंय. मागच्या रविवारी मी शाहपुरला गेलो. कोयता सायकलच्या कॅरिअरला बांधला होता, वर पोतं. गेटपाशी उतरलो. दादा ओट्यावर बसलेला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. चारी बाजूंनी वाळलेल्या पिशव्या. उन्हाने झाडं सगळी तपकिरी झालीत, पाणी कोणी घातलं नसेल. त्याने मला बघितलं, पोत्याकडे बघितलं. उठला नाही. म्हणाला, “आलास? ये.” आणि डावा हात ओट्याच्या कडेवर ठेवला, मनगट वर करून. “घे. तुझी वहिनी पण गेली. हाही घेऊन जा.”

मी पोतं काढलं. कोयता हातात घेतला. वहिनी, खोटं नाही बोलत, मी मारणार होतो. मग तो म्हणाला, “तू लहान होतास तेव्हा याच हाताने तुला तापीत पोहायला शिकवलं.” तेही खोटं. तापीत मला पाय बांधून त्याने फेकलं होतं आणि काठावर उभा राहून हसत होता. मला बाहेर काढलं तू, लुगड्यासकट उतरून. त्याला ते तसंच आठवतं, शिकवलं म्हणून. तो रडत होता आणि त्याला ते खरं वाटत होतं. कोयता घेऊन तसाच बाहेर आलो, पोतं तिथंच राहिलं.

या वेळी परत आलो. पुढच्या वेळी येईन की नाही, माहीत नाही. तो बाजारात तुझं नाव घेऊन काय काय बोलतो ते इथवर ऐकू येतं. खकनारला जाऊन ओढून आणीन म्हणतो. रोज सकाळी वखारीत कोयता हातात घेतला की माझं मन तिकडेच जातं. तू फक्त हो म्हण. एका शब्दाने लिही.

नीलेश


खकनार
17 एप्रिल 2025

चिरंजीव नीलेश,

नाही.

तू एका शब्दाने लिही म्हणालास, म्हणून आधी तो लिहिला. आता बाकीचं ऐक.

सुरेश इथं येऊन गेला. परवा, शाळा सुटायच्या वेळी. मावशीने उकळत्या खिचडीचा डाव हातात धरला आणि दारात उभी राहिली. मी तिच्या मागे नव्हते, शेजारी होते. त्याने दोन वेळा शिव्या दिल्या, एकदा पाया पडला. मग गावातल्या बाया जमल्या. तो गेला. मी थान्यात जाऊन लिहून दिलं. हवालदार म्हणाला, “बाई, घर की बात है.” मी म्हटलं, “भाऊ, घर खकनारमध्ये आहे. तो शाहपुरचा.” त्याने लिहून घेतलं. पुन्हा आला तर मी पुन्हा जाईन. मला भीती वाटते. रोज वाटते, कडी दोनदा बघते. तरी जाईन.

तू माझ्यासाठी एकदा कोयता उचललास, म्हणून मी जिवंत आहे. ते मी भर कोर्टात सांगितलं आणि मरेपर्यंत सांगेन. त्या दुपारी दांडा माझ्या डोक्यावर होता. आता नाही. आता तू गेलास तर तो वार माझ्यासाठी नसेल, तुझ्यासाठी असेल, त्या तापीतल्या पोरासाठी असेल. त्या पोराला मी एकदा पाण्यातून काढलं. फासावरून काढता येणार नाही.

आणि हेही लक्षात ठेव. पहिलं बयान मी खोटं दिलं, दुसरं खरं दिलं. तू त्याच्यावर हात टाकलास तर तिसरंही देईन आणि तेही खरंच देईन. तुझ्याविरुद्ध, तुझ्या डोळ्यांत बघून. मी तुझा डबा भरलाय म्हणून त्यात एक अक्षर कमी होणार नाही.

वखारीतलं काम सोड. इथं सरपंचाच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या टाकायला माणूस हवाय, मी बोलून ठेवलंय. कोयता ज्याचा आहे त्याला परत दे, त्याच्या हातात दे, आणि मग ये. मावशी म्हणते, पोराला वांग्याचं भरीत आवडायचं ना.

रिकाम्या हाताने ये.

तुझी वहिनी